तणसावरची रात्र

फेब्रुवारी 2025. नागपूरच्या एका मॉलमध्ये संभाजी महाराजांवरचा 'छावा' सिनेमा सुटला आहे. सरकत्या जिन्यावर दोन पोरे अजून घोषणा देताहेत, एक बाई ओढणीने डोळे पुसते आहे. तुमचेही डोळे लाल आहेत. पण पडदा पांढरा होऊन पाच मिनिटे झाली नाहीत तोच पार्किंगची पावती शोधावी लागते, आणि छातीत जे साचले ते तसेच घेऊन तुम्ही गाडीत बसता. पावणेतीन तासांत एका राजाचे हाल पाहिले. रडायला वेळ मिळाला, रडून मोकळे व्हायला मिळाला नाही. पुढच्याच महिन्यात, 17 मार्चला, औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून याच शहरात जाळपोळ होणार आहे. ती सिनेमाने घडवली असे मी म्हणत नाही. साचलेल्या रागाचे काय करायचे, हे आपण विसरलो आहोत, एवढेच म्हणतो.

ज्यांना ते ठाऊक होते त्यांच्यात जाऊन बसा. एक्कावन्न वर्षे मागे चला.

जानेवारी 1974. गोंदियाहून निघालेली छोटी लाईन धानाच्या बांध्यांमधून धापा टाकत चालली आहे. इंजिनाचा कोळसा डोळ्यांत जातो. गोंदिया जिल्हा अजून जन्मायचा आहे. त्याला 1 मे 1999 उजाडावे लागेल. हा सगळा भंडारा जिल्हा, आणि लोकांच्या तोंडी नुसती 'झाडी'. अर्जुनीला उतरून तुम्ही गोठणगावच्या वाटेवरच्या एका गावाकडे जाणाऱ्या बंडीत बसता. बंडीत आधीच नऊ माणसे आहेत, त्यांतली चार झोपलेली पोरे.

"पाव्हने कोनाकडचे जी?"

तुम्ही काहीतरी पुटपुटता. इथे पाहुणा म्हटला की पुढचे विचारत नाहीत. आज गावात शंकरपट होता, बैलजोड्यांची शर्यत. पट झाला की रात्री नाटक, ही झाडीची रीत. घरोघर दहा-दहा पाहुणे उतरले आहेत, लेकी माहेरी आल्या आहेत, आणि उद्या सकाळी दोन-तीन सोयरिकी जुळतील.

कापणी झालेल्या एका बांधीत नाटकाची जागा केली आहे. जमीन उताराने खोदली आहे आणि निघालेली माती पुढे टाकून तिचाच मंच केला आहे. त्यामुळे मागच्यालाही डोक्यावरून दिसते. वास्तुशास्त्राची पदवी न घेता कुणी इतके नेमके प्रेक्षागृह बांधत असेल, तर त्याला अडाणी कलावंत म्हणणारे आपण कोण? खाली तणीस पसरली आहे. गॅसबत्त्या फुसफुसताहेत. मंचासमोर ऑर्गन आणि तबला. नट्या नागपूरहून आणलेल्या, बाकी सगळे गावचे. संभाजी महाराज झालेला तरुण कास्तकार आहे. दिवसा त्याची बैलजोडी पटात धावली. औरंगजेब शाळेचे गुरुजी. हातात कुणीतरी उतरवून काढलेले बाड घेऊन प्रॉम्प्टर विंगेत उभा आहे.

मुंबई-पुण्यात वसंत कानेटकरांचे 'इथे ओशाळला मृत्यू' 1968 साली आले. काशिनाथ घाणेकरांचा संभाजी आणि प्रभाकर पणशीकरांचा औरंगजेब पाहायला लोक तिकिटाच्या रांगा लावत. पण तिथे शेवटची गाडी पकडायची असते. इथे गाडी नाहीच. जंगलातून रात्री बंडी हाकायची नाही, म्हणून नाटक पहाटेपर्यंत चालायलाच हवे. अडचणीतून आलेली ही लांबी झाडीच्या नाटकाचा प्राण होऊन बसली आहे.

साडेदहाला नांदी होते. बारापर्यंत गाणी, 'वन्समोअर', बक्षिसांच्या घोषणा. मधेच विनोदी नट येऊन पाटलाच्या मिशीवर बोलतो आणि पाटील सगळ्यांत मोठ्याने हसतो. शहरातल्या समीक्षकाला हे खटकेल. मलाही पूर्वी खटकले असते. पण दोन वाजता संगमेश्वरचा प्रवेश येतो, तेव्हा या हसण्याचे काम कळते: माणसे जागी आहेत, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून बसली आहेत, आणि आता जे येणार ते त्यांना एकट्याने झेलायचे नाही.

1 फेब्रुवारी 1689. औरंगजेबाचा सरदार मुकर्रबखान, त्याची माणसे वाड्यात शिरतात. महाराजांबरोबर त्यांचे सोबती कवी कलशही धरले जातात. "माय वो!" बायकांच्या बाजूने एकच आवाज. मग बहादूरगडाची धिंड: विदूषकाचे कपडे, उंटावर बसवलेला राजा. मंचावर उंट नाही, लाकडी घडवंची आहे. कुणीही हसत नाही. दोन तासांपूर्वी मिशीवर हसलेला पाटील पागोट्याच्या शेवाने तोंड झाकून बसला आहे.

साडेतीनला मंचावर शेगडी येते. खरी, निखाऱ्यांची. तिच्यात सळया खुपसल्या जातात.

"आता डोरे काढतीन पोराचे," तुमच्या शेजारची म्हातारी स्वतःशीच म्हणते. 'पोर' म्हणते ती, 'महाराज' नाही. मग उभी राहते आणि गुरुजींच्या नावाने बोटे मोडते: "तुया तोंडात किडे पडो, मेल्या!" तिच्या मागोमाग पन्नास आवाज. कुणी काठी आपटतो, कुणी तणसाची जुडी मंचावर भिरकावतो. तुमची मूठ वळते. मॉलमधला तोच राग, ओळखीचा, गरम. इथे तुम्हाला वाटते, आता काहीतरी होणार.

होते ते वेगळेच. ती म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन उतारावरून चालू लागते. लोक वाट देतात. ती मंचावर चढते आणि दोरखंडाने बांधलेल्या त्या तरुणाच्या तोंडाला तांब्या लावते. प्रॉम्प्टर बाड मिटतो. गुरुजी मुळीच गडबडत नाहीत. ते सावकाश पाठ फिरवतात. बादशहाने पाहिलेच नाही! पोरगा पाणी पितो, घटाघटा, खरोखरच तहानलेला. म्हातारी पदराने त्याची हनुवटी पुसते आणि उतरते. ऑर्गनवाला सूर धरतो. नाटक पुढे सुरू.

तो पुढचा तास सोपा नाही. डोळे काढणे विंगेत होते. बाहेर फक्त कापडावरची सावली आणि आवाज. पण कुणी उठून जात नाही. शिव्या मात्र थांबल्या आहेत. राग होता तिथे आता नुसते दुःख आहे, आणि दुःखाला ओरडता येत नाही.

तुमच्या डाव्या हाताला एक मध्यमवयीन माणूस बसला आहे, धोतर बंगाली पद्धतीचे. या तालुक्यात अरुणनगर, गौरनगर अशी गावे आहेत. पूर्व पाकिस्तानातून जीव घेऊन निघालेली कुटुंबे तिथे वसवली गेली. त्याच्या पलीकडे माळ ओढणारी एक तिबेटी वृद्धा आहे. तिबेट सुटलेल्यांची वसाहत गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूला 1972 साली झाली. दोघांनाही मराठी धड येत नाही. सावली हलते तशी वृद्धेची माळ थांबते.

बंगाली माणूस तुमच्याकडे झुकतो. "इसका माँ नहीं था?"

तुम्ही सांगता: आई सईबाई हा दोन वर्षांचा असतानाच गेली. आजीने, जिजाबाईंनी वाढवला. मेला तेव्हा एकतीस वर्षांचा होता.

तो बराच वेळ गप्प राहतो. मग म्हातारीकडे हनुवटी करून म्हणतो, "तब ये बूढ़ी ठीक किया."

त्याच्या मागे कोणती नदी आणि कोणती रात्र आहे, हे तुम्ही विचारत नाही. विचारायचे नसते, हे तणसावर बसून कळते.

11 मार्च 1689. तुळापूर, भीमा-इंद्रायणीचा संगम. पकडल्याला जवळजवळ चाळीस दिवस झाले. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. मंचावर अंधार होतो आणि पडदा पडतो. टाळी नाही. वन्समोअर नाही. एवढी माणसे, आणि ऐकू येतो तो कुठल्याशा तान्ह्या पोराच्या दूध पिण्याचा आवाज. पूर्वेकडे तांबडे फुटते आहे. मग कुणीतरी खोकतो, कुणी बैल जुंपायला उठतो, आणि माणसे हळूहळू आपापल्या अंगावरची तणीस झाडू लागतात.

विहिरीवर गुरुजी डिंकाने चिकटवलेली दाढी ओरबाडून काढताहेत. म्हातारी घागर घेऊन तिथेच आली आहे.

"रात्री लय शिव्या देल्ल्या जी गुरुजी, मनावर नोका घेऊ."

"द्याच लागते आजी. नाई तं मी पडलो असतो."

ती त्यांच्या हातावर पाणी ओतते. ते तोंड धुतात. तुमची मूठ केव्हाच उघडली आहे. कधी, ते आठवत नाही.

आता परत या. छोटी लाईन गेली, तिच्या जागी ब्रॉडगेज आहे. नाटक मंडळ्या आता व्यावसायिक झाल्या आहेत आणि त्यांचे ठाणे गोंदियाहून रेल्वेने गाठता येणाऱ्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला आहे. याच रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. झाडीत नाटकांचा हंगाम आजही दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रांपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो, आणि नाटक आजही रात्रभर असते. या हिवाळ्यात अर्जुनी मोरगावकडे जा. कांबळे न्या, पाण्याचा तांब्या न्या. आणि कितीही जड झाले तरी साडेतीनला उठू नका.