घरात कुणी पुरुष माणूस आहे का?

मी सहावीत होते. अब्बांनी पाहिलेल्या एका अपघाताचा खटला उभा राहिला होता आणि त्यांना साक्षीला बोलावलं होतं. दुपारी हवालदार समन्स घेऊन आला, तेव्हा अब्बा कामावर होते. दार अम्मीनं उघडलं. तिला मराठी आणि उर्दू दोन्ही वाचता यायचं. मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांची पत्रं तीच वाचून दाखवायची. तिनं कागदासाठी हात पुढे केला, तर हवालदार म्हणाला, "भाभी, घरात कुणी पुरुष माणूस आहे का?" आतल्या खोलीत आजोबा झोपले होते. त्यांना उठवलं. त्यांना अक्षरओळख नव्हती. समन्सच्या दुसऱ्या प्रतीच्या पाठीवर त्यांचा अंगठा घेऊन हवालदार निघून गेला. आजोबांनी कागद लगेच अम्मीच्या हातात दिला, "काय लिहिलंय बघ गं बेटा."

कित्येक वर्षं मला वाटायचं की तो हवालदारच अडाणी. पुढे कायद्याचं पुस्तक चाळताना कळलं, तो अगदी नियमानं वागला होता. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 64 सांगत होतं की ज्याच्या नावाचं समन्स आहे तो शोधूनही सापडला नाही, तर एक प्रत त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या सज्ञान पुरुषाकडे द्यावी. अंगठाबहाद्दर आजोबा चालत होते, वाचणारी अम्मी चालत नव्हती.

कागद पोहोचवण्याला मराठीत आपण 'बजावणी' म्हणतो, उर्दूत 'तामील'. दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळे मला या शब्दांची गंमत वाटते. तामील अरबी 'अमल'मधून आला, आणि बजावणीच्या मुळाशी फारसी 'बजा', म्हणजे जागेवर. मराठीनं दोघांना एकत्र बांधून 'अंमलबजावणी' केली. नाझर, दावा, वकालतनामा, हुकूमनामा हे सगळे शब्द त्याच वाटेनं आलेले. बेलीफ आणि समन्स मात्र इंग्रजांबरोबर आले.

या सगळ्यामागची गोष्ट जुनी आहे. समोरच्याला कळवल्याशिवाय त्याच्याविरुद्ध निकाल द्यायचा नाही. हजरत अलींना यमनला पाठवताना पैगंबरांनी (स.) दुसऱ्याचं ऐकेपर्यंत फैसला करू नकोस असं बजावल्याची हदीस प्रसिद्ध आहे. हनफी फिक्ह तर गैरहजर माणसाविरुद्ध निकालच मानत नाही, निदान त्याच्या वतीनं कुणीतरी उभं हवं. शाफई मत इतकं कडक नाही. मग जो मुद्दाम येतच नाही त्याचं काय? एकोणिसाव्या शतकात उस्मानी तुर्कांनी हनफी मतावर 'मजल्ला' हा कायदा तयार केला. त्यात वेगवेगळ्या दिवशी तीनदा बोलावणं पाठवायचं, तरी आला नाही तर काझीनं त्याच्यासाठी प्रतिनिधी नेमायचा आणि मगच दावा ऐकायचा, अशी तोड आहे.

आपल्याकडे इंग्रजांनी 1859 मध्ये दिवाणी प्रक्रियेचा पहिला अखिल कायदा केला. आज चालतो तो 1908 चा. त्याचा पाचवा आदेश सगळा समन्सबद्दल आहे आणि तो वाचण्यासारखा आहे. समन्ससोबत दाव्याची प्रत हवी. शक्यतो कागद त्या माणसाच्याच हातात द्यायचा. तो सापडला नाही, घेणारंही कुणी नसलं, तर बेलीफानं दारावर एक प्रत चिकटवायची आणि घर कुणी दाखवलं, चिकटवताना समोर कोण होतं, हे अहवालात लिहायचं. माणूस टाळतोय किंवा इतर कारणानं नेहमीच्या रीतीनं बजावणी होत नाही अशी कोर्टाची खात्री पटली तरच वर्तमानपत्रात नोटीस. बजावणी नीट झाली नसेल तर एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेता येतो, आणि त्यासाठीचे 30 दिवस तो कळल्यापासून मोजतात. पण 1976 च्या दुरुस्तीनं एक पाचर मारली आहे. तारीख तुम्हाला माहीत होती आणि यायला पुरेसा वेळ होता, तर केवळ बजावणीतल्या किरकोळ चुकीवर सुटका नाही. मला हे बरोबर वाटतं.

या 1908 च्या कायद्यातही 'सज्ञान पुरुष'च होता. फौजदारीच्या 1898 च्या संहितेत तर मुंबई, कलकत्ता, मद्रास या इलाखा शहरांत घरात राहणाऱ्या नोकराकडे समन्स देता यायचं. म्हणजे नोकर चाले, बायको नाही! परदानशीन बायकांच्या 'अब्रू'साठी हे केलं असावं असं कुणी म्हणेल. पण रिवाजानं लोकांसमोर न येणाऱ्या बायकांना दिवाणी कोर्टात जातीनं हजर राहण्याची माफी 132 व्या कलमात वेगळी आहेच. ती सवलत आहे. कागद घेण्याची बंदी म्हणजे तिच्या समजुतीवरच अविश्वास.

त्याची किंमत कुणी मोजली, हे कोकणातल्या मुस्लिम वाचकांना सांगायला नको. घरातले पुरुष सौदीला किंवा दुबईला, मागे सासू, सून, मुलं. घरात सज्ञान पुरुष नाही म्हटल्यावर फौजदारी समन्स दारावर चिकटायचं. तो कागद आधी गल्ली वाचणार, मग घर.

दिवाणी कायद्यातून 'पुरुष' हा शब्द 1976 च्याच दुरुस्तीनं गेला. ती 1 फेब्रुवारी 1977 पासून लागू झाली. आता तिथे सज्ञान स्त्री किंवा पुरुष कुणीही चालतं, नोकर मात्र कुटुंबात धरत नाहीत. फौजदारी कायदा 47 वर्षं मागे राहिला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 66 व्या कलमात तो शब्द नाही, आणि ती लागू झाली 1 जुलै 2024 ला.

ही बातमी मी अम्मीला सांगितली. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्या दिवशीही मीच वाचला होता की. तारीखही मीच लक्षात ठेवली, तुझे अब्बा विसरले होते."