प्रसूतीनंतर आईचा अभिप्राय का मोजला जातो?

बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली, की बारामती तालुक्यातील माळेगाव बुद्रुक असो वा शहर, दवाखान्यात कसे वागवले हा प्रश्न मागे पडतो. सरकारी रुग्णालयांसाठी मात्र तो महत्त्वाचा आहे.

केंद्राच्या 'लक्ष्य' कार्यक्रमात (२०१७) प्रसूतिगृहाला ७० टक्के गुणांवर प्रमाणपत्र मिळते. पण प्रोत्साहन रकमेसाठी ८० टक्के लाभार्थी समाधानी असावे लागतात. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयासाठी ही रक्कम ६ लाख रुपये आहे.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार (२०११) सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे, जेवण आणि वाहन मोफत असते.

म्हणून अभिप्राय देताना नेमके सांगावे: सोबतीला कुणाला थांबू दिले का? आडोसा होता का? कुणी ओरडले का? पैसे मागितले का? भिडेपोटी 'सगळे छान' म्हटले, तर तीच वागणूक पुढच्या बाईच्याही वाट्याला येते.