शाळकरी गणित-संशोधन : देवळाली ते महाल

महाराष्ट्रात शाळकरी गणित-संशोधनाला सर्वांत मोठी शिदोरी दिली ती देवळालीच्या एका शाळामास्तरांनी. द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांच्याकडे ना विद्यापीठातले पद होते, ना पदव्युत्तर पदवी. त्यांनी १९४९ मध्ये मांडलेला ६१७४ हा स्थिरांक हाताशी कागद-पेन्सिल असली की तपासता येतो. ३५२४ चे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी केली, तर ५४३२ – २३४५ = ३०८७; पुढे ८७३० – ०३७८ = ८३५२; मग ८५३२ – २३५८ = ६१७४. तीन अंकी संख्यांत हा खेळ ४९५ वर थांबतो, पाच अंकींत मात्र चक्रात फिरत राहतो. असे का होते, हे शोधू लागलेला मुलगा किंवा मुलगी उदाहरणे सोडवण्यापलीकडे गेलेली असते.

पुढे या वाटेला संस्थांचा आधार मिळाला. १९७६ मध्ये श्रीराम अभ्यंकरांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापले. तिथे ऑलिंपियाडची तयारीही होऊ लागली. १९८१ पासूनच्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक आणि कृतिसंशोधन प्रकल्प आले. १९९३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने १० ते १७ वयाच्या मुलांना गटाने प्रकल्प करायला लावले.

नागपुरातही महाल या भागालगतच्या गांधीसागर तलावाजवळ १९९२ मध्ये रमण विज्ञान केंद्र उघडले. तिथली उपकरणे स्वतः हाताळून पाहता येतात. १९९७ मध्ये तारांगणाची भर पडली आणि कोन, कक्षा, अंतरे यांचे गणित प्रत्यक्ष दिसू लागले.