गुरुजींनी विचारायचे कुणाला?

थाळीत पाणी घ्यायचे. मधोमध पेटती मेणबत्ती उभी करायची आणि तिच्यावर काचेचा पेला उपडा घालायचा. थोड्या वेळात मेणबत्ती विझते आणि पेल्यात पाणी वर चढते. हा प्रयोग आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत पाहिला असेल. त्याचे उत्तरही पाठ असेल. हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो, तो जळून संपला आणि त्याची जागा पाण्याने घेतली.

१९८३ साली मी एका आडगावच्या शाळेत रुजू झालो. वर्ग सात आणि शिक्षक तिघे. पुढे कित्येक वर्षे मी हेच उत्तर फळ्यावर लिहीत आलो. एकदा सातवीतल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, मेणबत्ती जळत होती तोवर पाणी जेमतेम हललं. विझल्यावर एकदम चढलं. ऑक्सिजन तर आधीच संपला होता ना?" मी तिला खाली बसायला सांगितले. आवाज जरा चढाच लागला असावा, कारण वर्षभर तिने पुन्हा काही विचारले नाही.

खरे सांगायचे तर मला उत्तर येत नव्हते. त्याहून मोठी अडचण अशी, की विचारायला कुणी नव्हते. सोबतचे दोघे गुरुजी माझ्याच पुस्तकातून शिकवत होते. तालुक्याला जायला सकाळची एकच एस.टी. साहेब वर्षातून एकदा तपासणीला यायचे, आणि आपल्याला काय येत नाही हे साहेबांसमोर कोण बोलून दाखवणार? वकिलाला बाररूम असते, डॉक्टरला दुसरा डॉक्टर असतो. वर्गाचे दार लावून घेतलेला शिक्षक मात्र एकटा असतो.

आज शिक्षकाच्या खिशात फोन आहे, त्यात डझनभर समूह आहेत, पाठाचे व्हिडिओ आहेत, ध्वनिफिती आहेत. त्यामुळे शिक्षकांनी एकमेकांना जोडून घेणे ही इंटरनेटची देणगी आहे, असे तरुण सहकाऱ्यांना वाटते. पण ही भूक जुनी आहे. ती भागवण्याचे प्रयत्नही जुने आहेत, आणि ते कसे मोडले हेही पाहण्यासारखे आहे.

मराठीपुरते बोलायचे तर आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात सापडतो. शिक्षणखात्याचे 'शालापत्रक' नावाचे मासिक निघत असे. कृष्णशास्त्री चिपळूणकर ते पाहत. १८६८ पासून त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री त्यात लिहू लागले आणि पुढे ते त्यांच्याच हाती आले. विष्णुशास्त्री स्वतः सरकारी शाळेत शिक्षक. त्यांनी मासिकातून सरकारवर आणि मिशनऱ्यांवर टीका सुरू केली, तेव्हा १८७५ मध्ये ते बंद करण्यात आले. वाङ्मयाचे इतिहासकार 'शालापत्रका'कडे निबंधमालेची पूर्वतयारी म्हणून पाहतात आणि पुढे जातात. मला मात्र त्या मासिकाची वाट पाहणारा खेड्यातला पंतोजी दिसतो. त्याचे पत्रक यायचे थांबले. त्याला विचारून ते थांबले नव्हते.

यानंतर मी थेट १९६६ वर येतो. कोठारी आयोगाचा अहवाल आला तो या वर्षी. आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. गारगोटीच्या परिसरातल्या शाळा त्यांनी पायी हिंडून पाहिलेल्या होत्या. या अहवालात 'शाळासंकुल' अशी एक कल्पना आहे. एक माध्यमिक शाळा आणि तिच्या आसपासच्या प्राथमिक शाळा एकमेकींना बांधायच्या, साहित्य वाटून घ्यायचे, शिक्षकांनी एकत्र बसायचे. शाळांचे एकाकीपण मोडावे हा त्यामागचा हेतू. अहवाल गाजला, पण ही कल्पना बरीच वर्षे कागदावरच राहिली.

ती प्रत्यक्षात उतरलेली पाहायची तर नर्मदेकाठी, मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात जावे लागते. त्या शहराला आता नर्मदापुरम म्हणतात. १९७२ साली तिथे 'किशोर भारती' आणि रसुलियाचे 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या दोन संस्थांनी राज्य सरकारची परवानगी घेऊन सोळा ग्रामीण शाळांत सहावी ते आठवीचे विज्ञान प्रयोगांतून शिकवायला सुरुवात केली. किशोर भारतीचे अनिल सद्गोपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आलेले. तिथले शास्त्रज्ञ, दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सुट्टीत येऊन गावच्या गुरुजींबरोबर जमिनीवर बसत. १९७८ पासून जिल्ह्यातल्या सगळ्या शाळा यात आल्या. १९८२ साली हे काम पुढे नेण्यासाठी 'एकलव्य' ही संस्था निघाली.

या प्रकल्पाचे कौतुक बहुधा प्रयोगांसाठी होते. फुलाचे भाग उकलायला महागड्या सुयांऐवजी बाभळीचे काटे, पाठ्यपुस्तकाच्या जागी 'बाल वैज्ञानिक' ही कार्यपुस्तिका, परीक्षेत पुस्तक उघडून बसायची मुभा. हे सगळे छानच. पण मला विचाराल तर त्यांची खरी करामत दुसरीच होती, ती म्हणजे मासिक बैठक.

आठ-दहा शाळांच्या मधल्या एका मोठ्या शाळेला त्यांनी 'संगम केंद्र' म्हटले. महिन्यातून एक दिवस त्या शाळांचे विज्ञान शिक्षक तिथे जमत. गेल्या महिन्यात कोणता प्रयोग फसला, मुलांनी काय विचारले, त्यावर आपण काय बोललो, हे मांडायचे. पुढचे प्रकरण सर्वांनी मिळून करून पाहायचे. ही बैठक कामाचाच भाग होती. उन्हाळी प्रशिक्षणात शिक्षक मुलांसारखे टोळ्या करून प्रयोग करीत आणि शिकवणाऱ्याशी वाद घालीत. मग वर्षभर कुणी ना कुणी शाळेत येऊन मागच्या बाकावर बसे. याला ते 'अनुवर्तन' म्हणत. येणारा बरेचदा दुसऱ्या गावचा शिक्षकच असे, म्हणून त्याच्यासमोर चुकायला लाज वाटत नसे. 'होशंगाबाद विज्ञान' नावाचे शिक्षकांचे पत्रक निघे. मुलांसाठी तर 'सवालीराम' नावाचे एक काल्पनिक पात्रच होते. मुलांनी त्याला पत्र टाकायचे आणि उत्तर यायचे. आमच्या सातवीतल्या मुलीला असा एखादा सवालीराम हवा होता. तिच्या गुरुजींना तर त्याहून जास्त.

आणखी एक गोष्ट. बैठकीत शिक्षक जे सांगत ते वर पोहोचत असे. शिक्षकांच्या अनुभवावरून 'बाल वैज्ञानिक' पुन्हा पुन्हा लिहिले गेले. गावचा मास्तर आणि विद्यापीठाचा प्राध्यापक एकाच मसुद्यावर खोडाखोड करीत आहेत, हे दृश्य आपल्याकडे दुर्मिळच. माझ्या सबंध नोकरीत "हा पाठ जमत नाही, का जमत नाही?" असे मला कुणी विचारल्याचे आठवत नाही.

हे तीस वर्षे चालले. सुमारे एक हजार शाळांपर्यंत गेले. २००२ साली मध्य प्रदेश सरकारने ते बंद केले आणि राज्यभर चालणारी पुस्तके तिथेही लावली. गुणदोषांची चर्चा करायला जागा होती. हजार शाळांत पसरल्यावर पहिल्या सोळा शाळांचा जोम राहिला नव्हता, हे त्या कामातली माणसेही कबूल करतात. सुशील जोशी यांच्या 'जश्न-ए-तालीम' या पुस्तकात हा सारा प्रवास आला आहे. पुस्तक बदलले की नवे पुस्तक येते. पण बैठक मोडली की ती पुन्हा भरत नाही. ज्यांना महिन्यातून एकदा एकमेकांना भेटायची सवय लागली होती ते शिक्षक आपापल्या वर्गात परत गेले.

या मंडळींत १९७८ साली पुण्याहून एक तरुण अभियंता गेला होता. कानपूरच्या आय.आय.टी.त शिकलेला आणि टेल्कोतून वर्षभराची रजा काढलेला. आठवडी बाजारातून त्याने सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणली, तिचे तुकडे काड्यापेटीच्या काड्यांना जोडले आणि त्रिकोण, चौकोन, घन उभे केले. हे अरविंद गुप्ता. पुढे २००३ पासून २०१४ पर्यंत ते पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. त्या इमारतीचे नाव 'पुलस्त्य', सप्तर्षींतला एक तारा आणि पु. लं.ची आठवणही. टाकाऊ वस्तूंची खेळणी, ती कशी करायची याची छायाचित्रे, एक-दोन मिनिटांच्या फिती आणि हजारो पुस्तके, त्यांत मराठीही, हे सगळे त्यांनी आपल्या संकेतस्थळावर फुकट ठेवले. आमच्या तालुक्याला सायबर कॅफे निघाला तेव्हा मी तासाचे पैसे मोजून ही पाने छापून आणत असे. शाई पुसट उमटायची, आणि घरी येऊन पाहावे तर चित्राचा अर्धा भाग गायब. तरी त्या कागदांनी माझा वर्ग बदलला.

त्याच सुमारास शिक्षकांच्या एका शिबिरात मेणबत्तीचा प्रयोग निघाला. एका शिक्षिकेने काही न बोलता त्याच पेल्याखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या. पाणी बरेच वर चढले. पेला तोच, ऑक्सिजन तेवढाच, मग पाणी जास्त का? ज्योतीने हवा तापते, प्रसरण पावते आणि पेल्याच्या काठाखालून बुडबुडे होऊन निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. एक पंचमांश जुळतो तो योगायोग. त्या मुलीने बरोबर तेच पाहिले होते. ती आता कुठल्या गावी नांदते, मला ठाऊक नाही.

पुढचे आपल्या सर्वांच्या डोळ्यांदेखत घडले आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले, तेव्हा राज्यभरातून शिक्षक वर्गणी काढून, गाड्या ठरवून ते पाहायला गेले. परत येताना त्यांनी फोटो समूहांवर टाकले. शाळाशाळांतून फरशीवर आकृत्या रंगल्या. मुलाला चुकू देण्याची तिथली सवय मात्र फोटोत येत नव्हती. २०१७ साली 'दीक्षा' आले, पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले, आणि त्यासाठी धडपडलेल्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० साली 'ग्लोबल टीचर प्राइज' मिळाले. अभिमान वाटावा असेच हे. पण कोड दाबल्यावर मिळते ते साहित्य. साहित्याला "मला हे येत नाही" असे सांगता येत नाही. नाईकांच्या शाळासंकुलाशी नाते सांगणाऱ्या केंद्राच्या परिषदा आपल्याकडे होतात. त्यांत अर्धा दिवस माहितीचे तक्ते भरण्यात जातो, हे मी स्वतः बसून पाहिले आहे.

निवृत्त झालो तरी आमच्या शिक्षकांच्या समूहात मला ठेवले आहे. गेल्या पावसाळ्यात एका रात्री एका नव्या शिक्षिकेने तिथे विचारले, "मेणबत्ती विझल्यावर पाणी का चढते? पुस्तकातले उत्तर मुलांना पटत नाही." लगेच एकाने 'एक पंचमांश' लिहिले. त्यावर वीस-पंचवीस अंगठे आले. कुणी एक फाइल पाठवली. एकाने शुभरात्रीचे फूल पाठवले. मी चष्मा शोधत होतो, तोवर अकराच्या सुमारास दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका गुरुजींनी लिहिले, "ताई, तीन मेणबत्त्या लावून बघा. काय होतं ते उद्या सांगा."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिची फीत आली. चित्र हलत होते आणि काही नीट दिसत नव्हते. मागे मुलांचा गलका होता, आणि त्यात एका पोराचा आवाज, "बाई, पाच लावू?"