'स्ट्राइक' या क्रियापदाची कुळकथा

दोस्तहो, इंग्रजी ही साहेबाची भाषा म्हणून आपण तिला एकतर घाबरतो, नाहीतर डोक्यावर घेऊन नाचतो. मी सूतगिरणीतला कामगार. पाळी सुटल्यावर जुन्या डिक्शनरीतून इंग्रजी शिकलो. शब्दांची कुळी खणायची मला खोड आहे. आपल्या बापजाद्यांची कुळी कुणी लिहून ठेवली नाही. शब्दांची मात्र ठेवलीय.

'स्ट्राइक' हे क्रियापद घ्या. मराठीत आणायला गेलं की त्याचे दहा तुकडे होतात. घड्याळाचे ठोके पडतात, काडी ओढली जाते, वीज पडते, सौदा ठरतो, डोक्यात एकदम कायतरी सुचतं, मस्टरवरचं नाव खोडलं जातं. इंग्रजीत या सगळ्याला हे एकच क्रियापद चालतं. कॅरमचा स्ट्रायकर त्याच घरातला.

पण मुळात त्याचा अर्थ मारणं नव्हताच. जुन्या इंग्रजीत तो होता हलका हात फिरवणं, घासत जाणं. जर्मन भाषेतला त्याचा भाऊबंद आजही पावावर लोणी फासतो, भिंतीला रंग देतो. हात फिरवणारा शब्द पुढं हात उगारायला शिकला.

दर्यावर त्याला आणखी एक अर्थ मिळाला : शीड, निशाण खाली घेणं. लढाईत निशाण उतरवलं म्हंजे शरणागती. आता गंमत बघा. १७६८ साली इंग्लंडच्या खलाशांनी पगारासाठी गलबतांची शिडं खाली घेतली. शीड नाही तर गलबत हलत नाही, मालकाचा माल जागच्या जागी. शरणागतीची खूण कामगाराच्या हातात आल्यावर लढाईची खूण झाली. तिथनंच काम बंद पाडण्याला 'स्ट्राइक' म्हणू लागले. सरकारनं १७९९ आणि १८०० साली कायदे करून कामगारांच्या एकीलाच गुन्हा ठरवलं. १८२४ साली ते कायदे रद्द झाले.

बाकीच्यांचे शब्दही बघा. फ्रेंच शब्द आला पॅरिसमधल्या नदीकाठच्या एका चौकावरून. बेकार माणसं तिथं काम मागायला उभी राहायची, जशी आपली नाक्यावर राहतात. हिंदीतला 'हडताल' हाटाला ताळं, म्हंजे दुकानदाराचा शब्द. आणि आपला 'संप'? शेजारच्या गुजरातीत 'संप' म्हंजे आजही एकी, सलोखा. इंग्रजानं कामगाराच्या कृतीला नाव दिलं, या शब्दाच्या पोटात एकी आहे.

पण एकी कुणाची? मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि सवर्ण कामगाराला आपल्या तोंडाचा विटाळ. जास्त पगार त्याच खात्यात. १९२८ साली लाखावर गिरणी कामगार कित्येक महिने संपावर होते, तेव्हा बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना हाच सवाल केला. संपाच्या मागण्यांत ही मागणी का नाही? लाल बावट्याखालच्या एकीलाही जात होती.

म्हणून बाबासाहेब संपाच्या विरुद्ध होते असं कुणी सांगितलं, तर त्याला १९३८ साल दाखवा. काँग्रेस सरकारनं संपावर बंधनं घालणारं औद्योगिक कलह बिल आणलं. संपाचा हक्क म्हंजे स्वातंत्र्याच्याच हक्काचं दुसरं नाव, असं बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. ७ नोव्हेंबरला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. सवाल विचारणारा माणूस एकी मोडत नसतो, ती खरी करायला निघालेला असतो.

आता शेवटचा मुद्दा. गिरणी बंद केली की पेपरात 'संप' छापून येतं. मेलेलं ढोर ओढणार नाही असं आपल्या लोकांनी गावाला सांगितलं, तेव्हा मात्र गाव म्हणालं, 'माजलेत.' गावानं बहिष्कार घातला, पण संप हा शब्द आपल्याला दिला नाही. २०१६ साली उनाच्या मारहाणीनंतर गुजरातमधल्या दलितांनी मेलेली ढोरं उचलायचं थांबवलं, सुरेंद्रनगरला ती कलेक्टर कचेरीपुढं नेऊन टाकली. मालक गिरणीचा नसून अख्खा गाव होता, एवढाच फरक. खलाशांनी शीड खाली ठेवलं, यांनी ढोर. क्रियापद एकच.

तेव्हा दोस्तहो, आजा-पणजाच्या गोष्टी लिहायला बसाल तर 'त्यांनी काम सोडलं' असं मिळमिळीत लिहू नका. संप केला, असं लिहा.