सविता दामोदर परांजपे
शेखर ताम्हाणे यांचे मानसशास्त्रीय थरारनाट्य. 1980 च्या दशकात ते रंगभूमीवर आले. रीमा लागू यांनी नायिका कुसुमची भूमिका केली. स्वप्ना वाघमारे जोशी यांनी 2018 मध्ये त्यावर चित्रपट केला. त्यात सुबोध भावे आणि तृप्ती तोरडमल होते. नाटकात औषधाला दाद न देणाऱ्या कुसुमच्या दुखण्याआड दुसरीच स्त्री बोलू लागते : कुसुमच्या पतीवर, शरद अभ्यंकरवर, एकेकाळी जीव टाकणारी, मृत सविता. झपाटण्याचा प्रसंग असल्याने ही भूतकथाच (पहा : भूतकथा) ठरते, हा आक्षेप अपुरा वाटतो. भूत काढून टाकले तरी नवऱ्याने दडवलेला भूतकाळ उरतोच, आणि तो बायकोच्याच तोंडून, परक्या आवाजात, घरात उघडा पडतो. नाटकाची खरी भीती तिथे आहे (पहा : मराठी रंगभूमी).