भिंतीपलीकडचा हुकूम

खानापूर तालुक्याच्या अरण्यात वसलेल्या लोंढ्यास जे महत्त्व प्राप्त झाले ते लोहमार्गामुळे. 1888 च्या सुमारास कॅसलरॉकवरून मुरगाव बंदरापर्यंतचा मार्ग खुला झाला, आणि बेळगाव, हुबळी व गोवा या तिन्ही दिशांच्या गाड्यांचा बंदोबस्त या ठाण्याकडे आला. एका जागी बसून नजरेआडच्या यंत्राकडून काम करवून घेण्याची विद्या या मुलखाच्या परिचयाची झाली, ती रेल्वेच्याच अंमलात. केबिनमधला खटका ओढला, की रुळांच्या कडेने कप्प्यांवरून गेलेली पोलादी तार ताणली जाई आणि दूरवरच्या खांबावरचा सिग्नल पडे. उन्हाने ती तार लांबली, तर पुन्हा ताणून घ्यावी लागे. एकेरी मार्गावर तर टोकनयंत्र असे, आणि पुढच्या ठाण्याच्या मास्तराने विजेच्या तारेवरून संमती दिल्याखेरीज त्यातून गाडी पुढे नेण्याच्या परवान्याचे टोकन सुटतच नसे. दूरचा हुकूम बिनचूक पोचण्यावर माणसांचे प्राण अवलंबून होते, म्हणून त्या मार्गाची अशी कडेकोट तजवीज केलेली होती.

घरातील यंत्रांस ही सोय लाभण्यास विसावे शतक अर्धे सरावे लागले. अमेरिकेतील झेनिथ कंपनीच्या यूजीन पॉली यांनी 1955 साली प्रकाशझोताने दूरचित्रवाणी संच हाताळून दाखविला. परंतु पडद्याच्या कोपऱ्यांतील प्रकाशग्राही घटकांना सूर्यप्रकाश आणि विजेरी यांतला भेद कळत नसे. पुढच्याच वर्षी रॉबर्ट ॲडलर यांनी ॲल्युमिनियमच्या दांड्यांवर हातोडी आपटून श्रवणातीत ध्वनीचा उपाय काढला, आणि तो पाव शतक टिकला. नंतर आला तो अवरक्त प्रकाश, जो 1800 साली विल्यम हर्शेल यांनी शोधला होता. रिमोटचे बटण दाबून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावे: डोळ्यांना न दिसणारी जांभळट ठिणगी लुकलुकताना बहुधा दिसते. सेकंदास सुमारे 38 हजार स्पंदने, हीच तिची खूण. त्यामुळे दिव्याच्या वा उन्हाच्या प्रकाशातूनही संच तिला निवडून घेतो.

पण भिंत ओलांडणे या प्रकाशाच्या स्वभावात नाही. केबलची एकच तार फाटे फोडून सोप्यात व माजघरात नेली जाई तोवर हे कोणास जाणवले नाही, कारण प्रत्येक संच आपला चॅनेल आपणच निवडी. 2012 च्या ऑक्टोबरअखेर चार महानगरांत, आणि पुढे टप्प्याटप्प्याने गावोगाव सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. बॉक्स सोप्यात ठेवून त्याची तार माजघरात नेली, तर चित्र येई, रिमोट मात्र निकामी ठरे. त्यावर उपाय निघाला तो असा: माजघरात एक संवेदक डोळा बसवावा, त्याने ओळखलेली स्पंदने बारीक तारेने भिंतीपलीकडे न्यावीत, आणि बॉक्सच्या दर्शनी भागावर चिकटविलेल्या मण्याएवढ्या दिव्याने ती पुन्हा प्रकाशरूपाने उमटवावीत. रेडिओलहरी भिंतीतून जातात म्हणून तारेऐवजी त्यांचाही उपयोग करतात. पण खर्च व खात्री पाहता मला तारच श्रेष्ठ वाटते.

दूरचा हुकूम तारेने पोचविणाऱ्या त्या लोंढ्याच्या मार्गांवरचे मीटरगेज रूळ 1990 च्या दशकात गेले आणि त्याबरोबर त्या काळची अवजारेही बाजूला पडली. लोंढा, खानापूर, कॅसलरॉक या भागात ज्यांच्या घरी केबिनवाले, सांधेवाले होऊन गेले, त्यांनी त्या खटक्यांच्या व टोकनयंत्रांच्या आठवणी वडीलधाऱ्यांकडून आताच लिहवून घ्याव्यात, अशी माझी विनंती आहे.